कंपनीला काय काय येतं हे कंपनीलाच माहीत नसतं

फॉगबँक नावाचा एक पदार्थ आहे. कशापासून बनतो, काय करतो, हे आपल्याला कळणार नाही कारण तो अमेरिकेच्या अण्वस्त्रांमध्ये वापरतात आणि सगळा मामला गुप्त आहे. तर हा पदार्थ टेनेसीतल्या ओक रिजच्या कारखान्यात १९७५ ते १९८९ बनवायचे, मग गरज संपली, काम बंद. पुढे २००० च्या आसपास जुन्या अण्वस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं आणि मग लक्षात आलं की फॉगबँक परत लागणार, आणि तो बनवायचा कसा हे आता कोणाला धड येतच नाहीये. नोंदी फारशा ठेवलेल्या नव्हत्या, ज्यांना येत होतं ते जवळजवळ सगळे रिटायर झालेले किंवा सोडून गेलेले. नवीन प्लांट उभा केला, जुने कागद चाळून प्रोसेस परत बसवली, तरी माल हवा तसा येईना. यात काही वर्षं गेली आणि कोट्यवधी डॉलर गेले.

शेवटी जे सापडलं ते भारी आहे. जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि नेमकी तीच गरजेची होती. नवीन प्लांटमध्ये माल साफ करायची पद्धत आधीपेक्षा चांगली, त्यामुळे ती अशुद्धी निघून जायची. जास्त स्वच्छ केला म्हणून बिघडला! आणि त्यातही गंमत अशी की ती अशुद्धी महत्त्वाची आहे हे मूळ बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे त्यांना जाताना बसवून घेऊन सगळं लिहून काढलं असतं तरी ही गोष्ट कागदावर आलीच नसती.

नॉलेज मॅनेजमेंट या विषयावर कोणी बोलायला लागलं की मला आधी हे आठवतं. कारण बहुतेक कंपन्यांमध्ये या शब्दाचा अर्थ एवढाच असतो की एक पोर्टल घ्यायचं, सगळ्यांना मेल टाकायचा की आपापले डॉक्युमेंट अपलोड करा, आणि दोन वर्षांनी ते पोर्टल म्हणजे एक अडगळीची खोली झालेली असते जिथे 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हेच वापरा' अशा तीन फाइली शेजारी शेजारी पडलेल्या असतात आणि चौथी, जी खरी आहे, ती कोणाच्या तरी लॅपटॉपवर.

सरळ सांगायचं तर नॉलेज मॅनेजमेंट सिस्टीम म्हणजे एकाला जे कळलंय ते दुसऱ्याला गरज पडेल तेव्हा मिळावं यासाठी केलेली सोय. त्यात सॉफ्टवेअर येतं, म्हणजे विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची आणि सुधारायची पानं), सर्च, प्रश्न विचारायचं चॅनल, कोणाला काय येतं याची यादी वगैरे, पण सॉफ्टवेअर नसलेल्याही बऱ्याच गोष्टी येतात, जसं की प्रोजेक्ट संपल्यावरची चर्चा, सीनियरच्या शेजारी बसून शिकणं, महिन्यातून एकदा दुसऱ्या टीमला आपलं काम दाखवणं. २०१८ मध्ये याचं एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही निघालं, आयएसओ ३०४०१, आणि तेही कोणतं सॉफ्टवेअर घ्या असं सांगत बसत नाही, कंपनी हे काम चालवते कशी याबद्दल बोलतं.

आता यातली मूळ अडचण समजून घेऊ कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मायकेल पोलानी म्हणून एक रसायनशास्त्रज्ञ होते, नंतर तत्त्वज्ञानाकडे वळले, त्यांनी १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा त्याला माहीत जास्त असतं. सायकलचं घ्या. चालवता सगळ्यांना येते, पण तोल कसा सांभाळता ते लिहून द्या म्हटलं तर पान कोरं राहतं, आणि कोणी लिहून दिलंच तरी ते वाचून कोणी सायकल शिकणार नाही. ऑफिसातही तसंच आहे. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे ओळखणारा फिटर, किंवा मीटिंगमध्ये 'बघू, कळवतो' ऐकून हा क्लायंट आता पैसे देणार नाही हे ओळखणारी सेल्समधली बाई, यांचं ज्ञान फाइलीत नसतंच. ते त्यांच्यासोबत सकाळी येतं आणि संध्याकाळी घरी जातं. नोटीस पिरियडमधल्या शेवटच्या आठवड्यात दोन तासांच्या केटीमध्ये, म्हणजे काम दुसऱ्याला समजावून द्यायच्या मीटिंगमध्ये, ते बाहेर काढता येईल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे, जाऊ दे.

बरं, या सगळ्याचा इनोव्हेशनशी काय संबंध? आपल्या डोक्यात इनोव्हेशनचं चित्र असं असतं की कोणीतरी हुशार माणूस एकटा बसलाय आणि अचानक त्याला काहीतरी सुचतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा असं होतं की अर्धं उत्तर एकाकडे पडून असतं आणि अर्धा प्रश्न दुसऱ्याकडे, आणि दोघं एकाच कंपनीत असून एकमेकांना ओळखत नसतात. ह्या दोन अर्ध्यांची गाठ पडायची शक्यता वाढवणं, मला वाटतं सिस्टीमचं खरं काम हेच आहे. बाकी सगळं शोभेचं.

पोस्ट-इट, म्हणजे त्या चिकटवून परत काढता येणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या, त्यांची गोष्ट बहुतेकांना अर्धी माहीत असते. थ्रीएम या अमेरिकन कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये एक गोंद सापडला जो चिकटायचा पण सहज निघायचा, आणि आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग सुचला कारण चर्चमध्ये गाताना त्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या पडायच्या. इथपर्यंत सगळे सांगतात. पण मधली सहा वर्षं कोणी सांगत नाही. फ्राय यांना हे सुचलं १९७४ मध्ये. तोपर्यंत सिल्व्हर कंपनीभर फिरत होते, सेमिनार देत होते, लोकांना धरून धरून सांगत होते की बाबांनो माझ्याकडे असा असा गोंद आहे, कोणाला काही उपयोग सुचतोय का. आणि फ्राय यांना तो गोंद माहीत होता तो अशाच एका सेमिनारमुळे. आता विचार करा, थ्रीएममध्ये एका विभागाच्या माणसाने दुसऱ्या विभागाला जाऊन आपलं फसलेलं काम सांगायची पद्धतच नसती तर? गोंद वहीत राहिला असता आणि चिठ्ठ्या पडत राहिल्या असत्या. थ्रीएममध्ये टेक्निकल फोरम नावाची व्यवस्था १९५१ पासून होती, वेगवेगळ्या विभागांतल्या शास्त्रज्ञांनी एकमेकांना भेटावं यासाठीच. शिवाय कामाच्या वेळेतला १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा. १९८० मध्ये ते प्रॉडक्ट अमेरिकाभर बाजारात आलं, म्हणजे गोंद सापडल्यापासून १२ वर्षांनी. यात कॉम्प्युटर कुठेच नाहीये बघा, तरी ही नॉलेज मॅनेजमेंट सिस्टीमच आहे, आणि आजच्या कित्येक पोर्टलपेक्षा चांगली.

दुसरी गोष्ट झेरॉक्सची, आणि माझी सगळ्यात आवडती. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या रिसर्च सेंटरमध्ये होते, ते कॉपियर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन लोकांसोबत फिरले. कंपनीचा समज असा की टेक्निशियन जातो, एरर कोड बघतो, मॅन्युअल उघडतो, त्यात दिलेलं करतो, परत येतो. ऑर यांना दिसलं काहीतरी वेगळंच. मॅन्युअल बऱ्याचदा उपयोगाचं नसायचं, कारण प्रत्येक मशीन जुनं होताना आपापल्या पद्धतीने बिघडतं. हे लोक शिकायचे कुठे, तर सकाळी नाश्त्याला, जेवताना, कॉफीवर एकमेकांना किस्से सांगून. 'अरे त्या मशीनवर असाच कोड येत होता, आणि निघालं काय माहितीये का...' वरून बघणाऱ्याला वाटेल टाइमपास चाललाय. खरं तर तेच त्यांचं ट्रेनिंग होतं, आणि कुठल्याही मॅन्युअलपेक्षा ताजं.

मग १९९० च्या दशकात झेरॉक्सने यावरून युरेका नावाची सिस्टीम केली, सुरुवात फ्रान्समध्ये झाली. टेक्निशियनने स्वतः शोधलेली युक्ती लिहून पाठवायची, ती अनुभवी टेक्निशियन तपासणार, खरी असेल तर सगळ्यांना दिसणार, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. पैसे द्यायचे का यावर चर्चा झाली होती, पण टेक्निशियन मंडळींचा कल नाव असण्याकडे होता. मला हे फार पटतं. पैसे दिले की लोक आकडा वाढवण्यासाठी काहीही लिहितात, आणि नाव असलं की भंकस लिहायची लाज वाटते. एक उदाहरण नेहमी दिलं जातं: ब्राझीलमध्ये एका महागड्या रंगीत मशीनने इतका त्रास दिला होता की ते बदलूनच द्यायची वेळ आली होती, सुमारे ४०,००० डॉलरचं मशीन, आणि तिथल्या इंजिनिअरने युरेकात शोधलं तर माँट्रियलच्या एका टेक्निशियनने तोच प्रॉब्लेम फ्यूज होल्डर बदलून सोडवलेला. त्या होल्डरची किंमत ५० सेंट.

कोणी म्हणेल ही तर दुरुस्ती झाली, इनोव्हेशन कुठे आहे. आहे ना. ज्याने पहिल्यांदा फ्यूज होल्डरवर बोट ठेवलं त्याने नवीन काहीतरी शोधलंच की, फक्त लहान होतं म्हणून त्याला कोणी ट्रॉफी देत नाही. आणि अशा हजारो लहान शोधांचा ढीग एका जागी दिसायला लागला की पुढचं मशीन डिझाइन करणाऱ्याला आपोआप कळतं की लोक कुठे कुठे अडकतायत.

पण जे लिहिताच येत नाही त्याचं काय? इथे जपानमधलं उदाहरण घेऊ. १९८० च्या दशकाच्या मध्यात ओसाकाची मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासोनिक, घरी ब्रेड करायचं मशीन बनवत होती आणि ब्रेड काही जमेना, वरून जास्त भाजायचा आणि आतून कच्चा. कणकेचे एक्सरेसुद्धा काढून बघितले. शेवटी टीममधल्या इकुको तानाका, ज्या सॉफ्टवेअरवर काम करायच्या, त्या ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या, कारण तिथला ब्रेड शहरात नावाजलेला होता. शिकता शिकता त्यांना दिसलं की तो बेकर कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पीळ देतो. हे तो कोणाला सांगत नव्हता कारण आपण असं काही वेगळं करतोय हे त्याच्या डोक्यातच नसणार. ते त्यांनी इंजिनिअर लोकांना 'पीळ देऊन ताणणं' अशा शब्दांत सांगितलं, इंजिनिअरांनी भांड्याच्या आत खास उंचवटे बसवून ती हालचाल मशीनमध्ये आणली, आणि १९८७ मध्ये मशीन बाजारात आलं.

ही गोष्ट मॅनेजमेंटचे जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांच्यामुळे जगभर पोचली. त्यांनी आणि हिरोताका ताकेउची यांनी त्यातून ज्ञानाच्या प्रवासाचं एक चक्र मांडलं, ते मॅनेजमेंटच्या प्रत्येक कोर्समध्ये इतक्या रुक्षपणे शिकवतात की मुलांना झोप येते, पण आहे ते सोपं. आधी कोणाच्या तरी शेजारी राहून बघून शिकायचं, मग जे कळलं त्याला शब्द द्यायचे, मग ते शब्द इतर माहितीशी जोडून काहीतरी नवीन बनवायचं, आणि मग ते वापरून वापरून लोकांच्या हातात बसतं आणि परत चक्र सुरू. बहुतेक कंपन्यांचं सॉफ्टवेअर यातल्या फक्त तिसऱ्या पायरीला मदत करतं, म्हणजे लिहिलेलं लिहिलेल्याशी जोडणं. बाकी तीन पायऱ्यांना माणसं लागतात, वेळ लागतो, आणि वेळ द्यायला कोणी तयार नसतं कारण टाइमशीटमध्ये 'बेकरकडे बसले होते' असा कोड नसतो.

म्हणून चांगली सिस्टीम फाइल देण्याइतकंच महत्त्व माणूस गाठून देण्याला देते. मी शोधतोय 'उष्णता सहन करणारा गोंद', मला ४० पानांची पीडीएफ नको असते, मला हवं असतं की यावर कोणी काम केलंय, आता कुठल्या टीममध्ये आहे, आणि फोन केला तर तो खेकसणार तर नाही ना. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभ्यास करून दाखवलं होतं की दोन इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने कमी होतं, ५० मीटरच्या पुढे तर जवळपास बंदच. आता तर माणसं वेगवेगळ्या देशांत बसतात. तिथे सिस्टीमला तो कॉफी मशीनजवळचा योगायोग मुद्दाम घडवून आणावा लागतो.

आयडिओ नावाच्या डिझाइन कंपनीने हे मजेशीर पद्धतीने केलं होतं. त्यांच्याकडे टेक बॉक्स म्हणून खणांचं एक मोठं कपाट, त्यात विचित्र मटेरियल, बिजागऱ्या, खेळण्यांचे भाग, झडपा असलं काय काय. डिझाइनर अडकला की खण उघडून वस्तू हातात घेऊन बघायचा. प्रत्येक वस्तूची माहिती कंपनीच्या इंट्रानेटवर, आणि कपाट सांभाळायला त्या त्या ऑफिसात एक जण नेमलेला. माझ्या मते शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. कोणीतरी एक जण नेमलेला. ज्या विकीला मालक नाही ती विकी मरते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी नवीन विकी काढली की मी आधी विचारतो याची साफसफाई कोण करणार, आणि लोक माझ्याकडे असं बघतात की मी लग्नात घटस्फोटाचा विषय काढलाय.

ज्ञान बाहेरूनही आणता येतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला प्रिंगल्स चिप्सवर चित्रं आणि मजकूर छापायचा होता. स्वतः शोधत बसण्याऐवजी त्यांनी नेमका प्रॉब्लेम काय आहे ते लिहून आपल्या ओळखीपाळखीच्या जाळ्यात फिरवलं, आणि इटलीतल्या बोलोन्यात एक छोटी बेकरी सापडली, एका प्राध्यापकाची, ज्यांनी केकवर खाता येईल अशी चित्रं छापायची पद्धत शोधलेली होती. २००४ मध्ये छापील प्रिंगल्स बाजारात आले. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, प्रश्न नीट लिहिला होता म्हणून उत्तर सापडलं. आणि दुसरी, बाहेर सापडलेलं आपल्या कामाचं आहे हे ओळखायलासुद्धा आत थोडं ज्ञान असावं लागतं. कोहेन आणि लेव्हिन्थल या दोन अभ्यासकांनी १९९० मध्ये हाच मुद्दा मांडला होता, ज्या कंपनीने स्वतः संशोधन केलंय तिलाच बाहेरचं संशोधन पचतं. ज्यांना वाटतं आत सगळं बंद करून बाहेरून विकत घेऊ, त्यांनी हे एकदा वाचावं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर मी सॉफ्टवेअर विकायला आलोय असं वाटेल. सगळं सापडायला लागलं की लोक तेच तेच परत वापरतात. जुनं प्रपोजल उघडलं, नाव बदललं, पाठवलं. त्यातून वेळ वाचतो हे खरं, पण नवीन काही होत नाही, आणि एकदा एखादी पद्धत 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून पोर्टलवर चढली की तिला प्रश्न विचारणारा माणूस आगाऊ ठरतो. शिवाय माहिती असून वापरता न येणं हाही आजार आहेच. झेरॉक्सचंच बघा ना, त्यांच्याच पालो आल्टोच्या सेंटरने १९७३ मध्ये आल्टो बनवला, माऊस आणि खिडक्यावाला कॉम्प्युटर, ज्ञान सगळं घरात, आणि बाजार मारला दुसऱ्यांनी. टेक्निशियनच्या किस्स्यांना किंमत देणारी हीच कंपनी. तेव्हा सिस्टीम असली की इनोव्हेशन होईलच असं काही नाही, निर्णय घेणाऱ्यांनी तिकडे बघायला पण लागतं.

सध्या सगळीकडे एआयचा चॅट बसवायचं चाललंय, कंपनीचे सगळे डॉक्युमेंट त्याला द्यायचे आणि मग त्याला विचारायचं. शोधायला खरंच सोपं होतं, ते नाकारत नाही. पण तो वाचणार तेच तीन 'फायनल' आणि तिन्हीची भेळ करून एकदम आत्मविश्वासाने उत्तर देणार, आणि बेकरचा पीळ त्याला कुठूनच मिळणार नाही कारण तो कोणी लिहिलेलाच नाही. कचरा उपसायचं काम आधी करावंच लागेल, त्याला पर्याय दिसत नाही.

लिहायचं असेल तर काय लिहावं, याचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे. जे जमलं ते लोक तसंही मिरवतात. जे केलं नाही आणि का केलं नाही, ते लिहा. अमेरिकन सैन्यात सरावानंतर चार प्रश्न विचारायची पद्धत आहे, काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. त्यातला तिसरा प्रश्न प्रामाणिकपणे लिहिला गेला तर सोनं आहे, पण तो तेव्हाच लिहिला जातो जेव्हा लिहिणाऱ्याला खात्री असते की हे अप्रेझलमध्ये माझ्या डोक्यावर मारणार नाहीत.

मी आधी जिथे होतो तिथे एका टीमच्या विकीवर 'करून बघितलं, सोडलं' असं एक पान होतं. नीट फॉरमॅट नाही, स्पेलिंगच्या चुका, पण प्रत्येक नोंदीला तारीख, नाव आणि सोडायचं कारण. आम्ही रिपोर्ट फास्ट करायच्या मागे होतो, तीन आठवडे डोकं आपटून झालं होतं, आणि एका नवीन आलेल्या मुलीने, जिला अजून सगळे लॉगिनसुद्धा मिळाले नव्हते म्हणून ती नुसती वाचत बसली होती, त्या पानावर पाच वर्षांपूर्वीची एक नोंद दाखवली. सगळा डेटा मेमरीत ठेवायची आयडिया, सोडायचं कारण सर्व्हरची मेमरी पुरत नाही. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. खाली त्याने एक ओळ टाकली होती, 'मोठे सर्व्हर आले की परत बघा'. मोठे सर्व्हर येऊन दोन वर्षं झाली होती.